खोली-गाळा भाड्याने देताना कागद पक्का करा

कारखान्यात किंवा आखाती देशात राबून साठवलेल्या पैशातून एखादी जादा खोली, एखादा गाळा घ्यायचा आणि उतारवयात त्याच्या भाड्यावर घर चालवायचे, हा आपल्या कारागीर व व्यापारी बांधवांचा आवडता हिशेब. हिशेब चुकीचा नाही. पण भिवंडी काय नि मुंब्रा काय, कितीतरी व्यवहार अजून ओळखीवर, तोंडी किंवा नुसत्या नोटरीच्या शिक्क्यावर होतात. त्यात बुडतो तो मालकच, असे आमचे स्पष्ट मत आहे.

"अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" हा समज फार महागात पडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ही जबाबदारी मालकाची. नोंदणी नसताना तंटा झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरतात. वर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. शहरात नोंदणी शुल्क १,००० रुपये. साध्या खोलीच्या अकरा महिन्यांच्या कराराला मुद्रांक शुल्क काही शे रुपये. एवढ्यासाठी आयुष्याची कमाई टांगणीला का लावावी?

जुन्या लोकांची धास्ती आम्हाला ठाऊक आहे. १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारावर ताब्यात असलेले लायसन्सधारक कायद्याने भाडेकरू झाले होते. तेव्हापासून कागद केला की जागा गेली, असे काहींच्या मनात बसले. आज उलट आहे. राहत्या जागेचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवलेला असेल, तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मुदतीनंतर जागा अडवणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते.

मात्र गाळेवाल्यांनी नीट ध्यानात घ्यावे की कलम २४ ची ही वाट फक्त राहत्या जागेसाठी आहे. दुकान, गोदाम किंवा लूमचा गाळा अडला तर न्यायालयात दावा लावावा लागतो, आणि दाव्याला किती वर्षे लागतात ते आपण जाणतोच. म्हणून गाळा देताना माणूस दुप्पट पारखावा, आणि मुदत, भाडेवाढ, वीजबिल कोणी भरायचे, पोटभाडेकरू चालेल की नाही, हे सारे करारात घालावे.

'हेवी डिपॉझिट'बद्दलही बोलले पाहिजे. भाडे नाममात्र, डिपॉझिट लाखांत, आणि ती रक्कम लगेच मुलीच्या लग्नात किंवा मालात गुंतलेली! मुदत संपते तेव्हा मालकाच्या हातात पैसा नसतो, मग भाडेकरूला "जा" तरी कोणत्या तोंडाने म्हणायचे? ते डिपॉझिट म्हणजे डोक्यावरचे कर्जच समजावे. (कर्जाच्या बदल्यात लाभ घेणे शरीयतीत कसे बसते, हे उलेमांना जरूर विचारावे.) पूर्ण रक्कम करारात लिहावी, ती चेकने घ्यावी आणि बाजूला ठेवावी.

भाडे थकले म्हणून पाणी किंवा लाइट तोडू नये. कलम २९ प्रमाणे तो गुन्हा ठरतो. भाड्याची पावती दर महिन्याला द्यावी, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात कळवावी आणि चावी देण्याच्या दिवशी मीटरचे आकडे दोघांच्या सहीने लिहून ठेवावेत.