आधी झोप, मग आसनं

निगडीत सकाळी साडेपाचला रस्त्यावर दोन प्रकारची माणसं दिसतात. काही दुर्गा टेकडीकडे फिरायला निघालेली असतात. काही भक्ती-शक्ती चौकात कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असतात. योगाचे सल्ले बहुतेक पहिल्यांना जमणारे असतात. मी आज दुसऱ्यांशी बोलते आहे.

‘मॅडम, पहाटे उठणं होत नाही, मग योगा कसा करायचा?’ वर्गात हे मला सारखं ऐकावं लागतं. विचारणाऱ्याची नाईट सकाळी सातला सुटलेली असते. चाकणहून घरी पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं.

सुरुवातीला मीही चुकले. नाईट करून थेट वर्गाला आलेल्या एकाला मी वृक्षासनात उभं केलं. एका पायावर त्याचे डोळे मिटायला लागले. शेजारी भिंत होती म्हणून पडला नाही. त्याच्या नियमितपणाचं मला कौतुक वाटत होतं. खरं तर त्याला घरी जाऊन झोपा म्हणायला हवं होतं.

म्हणून सांगते, नाईटनंतर आधी झोपा. तुम्ही झोपून उठाल ती तुमची सकाळ. दुपारी तीनला उठलात तर तीनला सतरंजी टाका. तोंड धुवा, घोटभर पाणी प्या, चहा नंतर. पोटभर जेवला असाल तर तीन-चार तास जाऊ द्या. शिफ्ट बदलली की वेळही बदलेल. बदलू द्या. वीस मिनिटं पुरतात.

लाईनवर आठ तास उभं राहिल्यावर पोटऱ्या दगड होतात. मोजे काढले की नडगीवर इलॅस्टिकचा खोल वळ दिसतो. अशा वेळी भिंतीला एक कुल्ला लावून बसा. मग पाठीवर वळा आणि दोन्ही पाय भिंतीवर उभे टेकवा. कमरेखाली घडी केलेली चादर घ्या. दहा मिनिटं नुसते पडून राहा. उठताना कुशीवर वळून सावकाश उठा. रक्तदाब वाढलेला असेल, काचबिंदू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

हात पायापर्यंत पोचत नाहीत म्हणून ओशाळू नका. बी. के. एस. अय्यंगार 1937 साली पुण्यात योग शिकवायला आले, तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. लहानपणी मलेरिया, टायफॉईड, क्षय असं सगळं भोगून झालेलं. पुढं त्यांनीच आसनांना खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा यांचा आधार दिला. तुमच्याकडे पट्टा नसेल तर ओढणी तळव्याखालून घ्या आणि तिची दोन टोकं धरा. गुडघे वाकले तरी चालतील. पाठीला हिसका देऊ नका. मणक्याचा त्रास असेल तर पुढं वाकणं शिक्षकांना विचारल्याशिवाय करू नका.

बसमध्ये मोबाईल खिशात ठेवून बघा. श्वास नाकानं घ्या आणि घेतला त्याहून सावकाश सोडा. कोंडून धरू नका. डुलकी लागली तर लागू द्या.

आता घरच्यांसाठी. दिवसा झोपलेल्या माणसाला आळशी समजू नका. खोलीला जाड पडदा लावा. मिक्सर जरा उशिरा फिरवा. पार्सलवाल्याला बेल वाजवू नको म्हणून सांगून ठेवा. ही झोप मोडली तर माझं एकही आसन तिची भरपाई करत नाही.

आणि डबा करणाऱ्या ताईंनो, तुमची शिफ्ट तर चारलाच सुरू होते. तिला ओव्हरटाईमही नाही. ओट्याशी एका पायावर भार टाकून उभ्या राहू नका. दोन्ही टाचा जमिनीला टेकलेल्या हव्यात. कणीक बसून मळता आली तर बसून मळा. दुपारी पंधरा मिनिटं दार लावून शवासनात पडा. तेवढ्यात कुणी हाक मारली तर ओ देऊ नका.

लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी 1924 पासून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासून पाहिल्या. तुम्हीही तुमच्यापुरतं तपासा. आठ दिवस करून बघा. झोप लवकर लागते का, पायऱ्या चढताना गुडघा बोलतो का, घरात चिडचिड किती होते? दुखणं वाढत असेल तर ते आसन थांबवा.

सकाळच्या वर्गाला येणं जमत नसेल तर शिक्षकांकडे दुपारची बॅच मागा. एकट्यानं मागू नका, चौघं मिळून जा. आमची साडेचारची बॅच अशीच सुरू झाली.