हजेरी मागता, मग घर कोण देणार?

ऑफिसात बसल्याशिवाय काम होत नाही, असे सांगणाऱ्यांना आधी विचारायला हवे: ऑफिसच्या शहरात घर कोणाला मिळते?

टीसीएसने ऑक्टोबर २०२३ पासून आठवड्याचे पाचही दिवस ऑफिस सक्तीचे केले. २०२४ मध्ये हजेरी पगाराला जोडली. तिमाहीत ६० टक्क्यांहून कमी हजेरी असेल तर व्हेरिएबल पे नाही. म्हणजे काम चोख असले तरी खुर्ची रिकामी म्हणून पैसे कापणार.

ही खुर्ची सगळ्यांना सारख्या भावात पडत नाही. रायपूर स्टेशनमागच्या गुढियारीतली, घरातली पहिली पदवीधर मुलगी आझाद हिंद एक्स्प्रेसने पुण्याला उतरते, तेव्हा पहिल्या पगाराआधी तिला डिपॉझिट भरावे लागते. घरमालक आधी आडनाव विचारतो, मग 'नॉनव्हेज खाता का?' दोन्ही प्रश्नांचा अर्थ आपल्याला कळतो. तिच्याच टीममधला एकजण काकांच्या फ्लॅटमधून पंधरा मिनिटांत ऑफिसला पोचतो. हजेरीपटावर दोघे सारखेच.

हे आजचे नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये बाबासाहेब बडोद्याच्या अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात रुजू झाले. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेला माणूस. शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली फेकत. शहरात कोणी घर देईना, म्हणून नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी तिथून हाकलले. दिवस कमाठी बागेत काढून त्यांनी रात्री मुंबईची गाडी धरली. त्या नोकरीत कमी पडली ती गुणवत्ता नव्हती, डोक्यावरचे छप्पर होते.

आपल्यातलेच काही म्हणतात, दोन खोल्यांत सहा माणसे असताना घरून काम कसे करायचे? शिवाय ऑफिसात शिकायला मिळते. दोन्ही खरे आहे. पण शिकवणारा असेल तरच शिकता येते; नुसते कार्ड स्वाइप करून कोणी शहाणे होत नाही. आणि घरची अडचण खरी असेल, तर टेबल, वीज आणि इंटरनेटचा खर्च कंपनीने उचलावा.

म्हणून मागणी सरळ आहे. कुठून काम करायचे हे कामगाराने ठरवावे. मोजायचे तर काम मोजा. हजेरीच हवी असेल, तर आडनाव न विचारता मिळणारे घरही नेमणूकपत्रासोबत द्या. ते जमत नसेल, तर आमच्या रिकाम्या खुर्चीला आळस म्हणू नका.