डॉक्टर निवडायचा हक्क आपल्याला आहे का?

आडनाव ऐकले की समोरच्याचा सूर बदलतो, हे आम्हाला नवे नाही. म्हणूनच आपल्या आयाबहिणी दुखणे अंगावर काढतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये नर्सिंग होम नोंदणी नियम सुधारले. रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांना बंधनकारक झाले. दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे, पुरुष डॉक्टर तपासताना सोबत स्त्री असणे, हे त्यातले हक्क. पण सनद दिसते कुठे? आणि सरकारी ओपीडीत तर समोर बसेल तोच डॉक्टर, निवड कसली! जयंतीला आरोग्य शिबिरे आपण घेतोच. आम्ही म्हणतो, तरुणांनी वस्तीतल्या आजीसोबत दवाखान्यातही जावे, तिच्या वतीने प्रश्न विचारावेत. खासगी रुग्णालयात सनद नसेल, तर महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार द्यावी, पोच घेऊन.