अध्यक्ष निवडले, आता घडवा

दरवर्षी ६ जानेवारीला महाराष्ट्राच्या तालुक्यातालुक्यांत पत्रकार दिन साजरा होतो. १८३२ साली याच दिवशी आचार्य बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’चा पहिला अंक काढला, त्याचे हे स्मरण. प्रतिमेला हार घातला जातो, आमदार-तहसीलदारांची भाषणे होतात, शाल-श्रीफळ दिले जाते. बहुतेक ठिकाणी याच सुमारास तालुका पत्रकार संघाची नवी कार्यकारिणीही जाहीर होते आणि नव्या अध्यक्षांचे छायाचित्र दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापून येते. त्यानंतर त्या अध्यक्षाने नेमके करायचे काय, हे मात्र त्याला कोणीही सांगत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

हा प्रश्न केवळ पत्रकारांच्या घरातला आहे, असे वाचकांनी समजू नये. वकिलाची सनद बार कौन्सिल काढून घेऊ शकते, डॉक्टरचे नाव वैद्यकीय परिषद नोंदवहीतून कमी करू शकते. पत्रकाराला सनद नाही आणि ती असूही नये; कारण सनद देणारा हात उद्या ती काढूनही घेईल आणि तो हात बहुधा सत्तेचा असेल. प्रेस कौन्सिलला १९७८ च्या कायद्याने समज देण्याचा, ताशेरे ओढण्याचा अधिकार दिला आहे, शिक्षेचा नाही. मग या व्यवसायाला शिस्त कोण लावणार? उत्तर एकच आहे : त्याची स्वतःची संघटना. आणि तालुक्याच्या पातळीवर संघटना म्हणजे व्यवहारात तिचा अध्यक्ष.

अमेरिकेतील पत्रकारांनी ही गोष्ट फार पूर्वी ओळखली. १९०९ साली इंडियाना राज्यातील डीपॉ विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी स्थापन केलेली एक संस्था पुढे ‘सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नालिस्ट्स’ या नावाने देशव्यापी झाली. सत्य शोधा आणि मांडा, हानी कमीत कमी करा, स्वतंत्र राहा, उत्तरदायी व पारदर्शक राहा, ही तिच्या आचारसंहितेची चार सूत्रे. या संहितेला कायद्याचे बळ नाही, असे संस्था स्वतःच सांगते. तिचा आधार केवळ नैतिक आहे. म्हणूनच या संस्थेने आपल्या स्थानिक शाखांच्या प्रमुखांसाठी टेड स्क्रिप्स यांच्या नावाने नेतृत्व प्रशिक्षणाचे वर्ग चालविले. शाखा कशी चालवावी, मतभेद कसे हाताळावेत, सहकाऱ्यांना कामात कसे गुंतवावे, हे तेथे शिकविले गेले. अमेरिकेच्या सगळ्याच गोष्टी अनुकरणीय नाहीत. परंतु कार्यकर्ता आपोआप उगवत नाही, तो घडवावा लागतो, हे संघटनशास्त्राचे पहिले सूत्र आपल्याला परक्याकडून शिकण्याची गरज भासावी, ही मात्र खेदाची बाब आहे.

आपल्याकडे चित्र काय आहे? तालुक्याच्या वार्ताहराला बहुधा नेमणूकपत्र नसते, मानधन नाममात्र असते आणि वर्षाकाठी जाहिरातींचे उद्दिष्ट मात्र असते. सकाळी ज्या ठेकेदाराच्या रस्त्याची बातमी द्यायची, दुपारी त्याच्याच दारात वाढदिवसाच्या जाहिरातीसाठी उभे राहायचे, या कोंडीत तो जगतो. जो जास्त जाहिराती आणू शकतो, सभागृह आणि जेवणाची सोय करू शकतो, तोच संघाच्या अध्यक्षपदालाही योग्य ठरतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला दुसरे काही शिकविलेच गेलेले नाही.

याचा हिशेब संकटाच्या दिवशी चुकवावा लागतो. वाळूउपशाची बातमी दिली म्हणून एखाद्या वार्ताहराला मारहाण होते. संघ तहसीलदारांना निवेदन देतो, काळ्या फिती लावतो आणि विषय संपतो. वास्तविक पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध स्वतंत्र कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१७ मध्येच मंजूर केला. २०१९ मध्ये तो अमलात आला. त्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे आणि तपास पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याने करावयाचा नाही. हे अध्यक्षाला ठाऊक नसेल, तर ठाण्यात साध्या मारामारीचे कलम लागते आणि आरोपी संध्याकाळी चौकात मिरवतो. जखमी माणूस पत्रकार आहे हे दाखविणारा कागद हाताशी असावा, ही दक्षताही अध्यक्षानेच आधी घ्यायची असते.

याच कायद्याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. खोटी तक्रार करणाऱ्यालाही त्यात शिक्षा आहे. गळ्यात ओळखपत्र अडकवून रेशन दुकानदाराला, ग्रामसेवकाला धमकावणारे कमी नाहीत. अशा माणसाच्या अटकेनंतर ‘पत्रकारितेवर हल्ला’ म्हणून आरोळी ठोकायची, की ‘हा आमचा नव्हे’ असे ठणकावून सांगायचे, हा निर्णय अध्यक्षाच्या चारित्र्याची परीक्षा घेतो. एकदा खोट्याची पाठराखण केली की पुढच्या खऱ्या जखमीच्या मागे गाव उभे राहत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. राज्य पातळीवरील पत्रकार संघटनांनी नव्या तालुका व जिल्हा अध्यक्षांसाठी दोन दिवसांचा निवासी अभ्यासवर्ग सक्तीचा करावा. पहिल्या दिवशी कायदा : हल्ल्याचा, बदनामीचा, माहिती अधिकाराचा आणि वृत्तपत्र नोंदणीचा, कारण १८६७ चा जुना कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा लागू झाला आहे. दुसऱ्या दिवशी संस्थेचे व्यवहार : हिशेब तपासणी, इतिवृत्त, विश्वस्त बदलल्यावर नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यावयाचा ‘चेंज रिपोर्ट’. तो वर्षानुवर्षे न दिल्यामुळे कागदोपत्री मृतांचेच विश्वस्तपद चालू राहते आणि पुढे एका तालुक्यात दोन संघ, दोन अध्यक्ष उभे ठाकतात. गावातील वकील, सनदी लेखापाल, निवृत्त प्राध्यापक यांनी अशा वर्गांना आपला वेळ द्यावा. ही समाजसेवाच आहे.

आणि शेवटचा पाठ दुसरी फळी उभारण्याचा. ‘दर्पण’ १८४० मध्ये बंद पडले. पण त्यात बाळशास्त्रींचे सहकारी असलेल्या भाऊ महाजनांनी पुढच्याच वर्षी ‘प्रभाकर’ सुरू केले. १९०८ ते १९१४ लोकमान्य मंडालेत होते, तरी ‘केसरी’ थांबला नाही. खाडिलकर आणि केळकर यांनी तो सांभाळला. नेता दूर गेल्यावरही काम चालू राहते, तेव्हाच त्याचे नेतृत्व सिद्ध होते. आपल्यानंतर कोण, या प्रश्नाचे उत्तर ज्या अध्यक्षापाशी नाही, त्याने पद भूषविले एवढेच म्हणता येईल.

गावातल्या नळाला पाणी नाही, रुग्णालयात सर्पदंशावरील प्रतिविष नाही, शाळेचे छप्पर गळते, ही बातमी मुंबईचा संपादक आणत नाही. ती तालुक्याचा वार्ताहर आणतो. त्याच्या पाठीशी जाणता माणूस उभा असेल, तरच ती निर्भयपणे छापून येईल. येत्या ६ जानेवारीला शालीचा खर्च थोडा कमी करून या वर्गाची तारीख व्यासपीठावरून जाहीर व्हावी. बाळशास्त्रींना तेच खरे अभिवादन ठरेल.