संत पौलाचे अर्धेच पत्र

दोन वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने विभागप्रमुखांसाठी एक प्रशिक्षणवर्ग भरवला होता. वक्त्याने पडद्यावर एका अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षकाचे छायाचित्र दाखवले आणि बजावले, "तुम्ही कर्मचारी नाही, संघ आहात, आणि संघ जिंकण्यासाठीच असतो." छायाचित्र व्हिन्स लोम्बार्डी यांचे होते. ते नित्य मिस्साला जाणारे कॅथोलिक होते, हेही त्याने आवर्जून सांगितले आणि संत पौलाच्या धावपटूचा दाखला दिला. चार महिन्यांनी हिशेब विभागातील, बावीस वर्षे नोकरी झालेल्या एका सहकाऱ्याला ई-मेलने निरोप मिळाला. कारण दिले होते : संघाचे हित.

त्या दिवसापासून 'संघ' हा शब्द माझ्या घशाखाली उतरत नाही.

लोम्बार्डी यांच्याविषयी माझी तक्रार नाही. धर्मगुरू होण्याच्या इच्छेने ते किशोरवयात सेमिनरीत गेले होते. पुढे येशूसंघीयांच्या फोर्डम विद्यापीठात शिकले आणि न्यू जर्सीतील एका कॅथोलिक शाळेत शिक्षक झाले. १९५८ च्या हंगामात बारापैकी एकच सामना जिंकलेला ग्रीन बे पॅकर्स हा संघ त्यांनी १९५९ साली हाती घेतला आणि १९६१ ते १९६७ या काळात त्याला पाच वेळा अजिंक्यपद मिळवून दिले. १९६८ साली त्यांना घेऊन 'सेकंड एफर्ट' हा विक्रेत्यांच्या प्रशिक्षणाचा चित्रपट निघाला. मैदानावरचा हा गुरू तेव्हा कचेरीत शिरला, तो आजतागायत बाहेर पडलेला नाही. १९७० साली त्यांचे निधन झाले. आता त्यांच्या नावावर कोणी काहीही खपवावे! 'जिंकणे हेच सर्वस्व' या अर्थाचे वचन त्यांच्या तोंडी घातले जाते. पण ते त्यांच्याआधी रेड सँडर्स या दुसऱ्याच प्रशिक्षकाच्या नावावर नोंदलेले आहे.

त्यांच्या मैदानाने खरोखर काय शिकवले? अमेरिकन फुटबॉल हा चेंडू हातात घेऊन धावण्याचाही खेळ आहे. लोम्बार्डी यांची सर्वांत गाजलेली चाल म्हणजे 'स्वीप'. जेरी क्रेमर आणि फझी थर्स्टन हे दोन गार्ड पुढे धावत, प्रतिपक्षाला अंगावर घेत आणि वाट मोकळी करत. चेंडू घेतलेला खेळाडू त्यांच्या मागून येई. टाळ्या त्याला मिळत. क्रेमर यांना खेळातील सर्वोच्च सन्मान, 'हॉल ऑफ फेम'मधील स्थान, २०१८ साली मिळाले. निवृत्तीनंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. लोम्बार्डी मात्र हीच चाल संघाकडून पुन्हा पुन्हा घोटून घेत. वाट करून देणाऱ्यावाचून धावणारा पंगू आहे, हे त्यांना ठाऊक होते. आमचा तो सहकारी असाच गार्ड होता. नव्याने आलेल्या प्रत्येकाला त्याने काम शिकवले; बक्षिसे इतरांनी घेतली.

कोणी म्हणेल, फुटबॉलचा प्रशिक्षकही खेळाडूंना वगळतोच. खरे आहे. लोम्बार्डीही वगळत, आणि त्यांची जीभही तिखट होती. म्हणूनच फुटबॉल हे ख्रिस्ती व्यवस्थापनाचे अंतिम माप होऊ शकत नाही. शिस्त, सराव, पडल्यावर पुन्हा उठणे हे सारे मैदानावरून जरूर घ्यावे. पण हरलेला संघ पुढच्या रविवारी पुन्हा मैदानात उतरतो. पन्नाशीत नोकरी गेलेल्या माणसाचा पुढचा रविवार कसा उजाडतो, हे त्याच्या घरी जाऊन पाहावे.

संत पौलाचा धावपटू करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात धावतो. त्याचे लक्ष न कोमेजणाऱ्या मुकुटाकडे आहे, तिमाही नफ्याकडे नव्हे. त्याच पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल एक शरीर आणि अनेक अवयव यांविषयी लिहितो, आणि जे अवयव दुबळे दिसतात तेच अत्यावश्यक आहेत असे ठासून सांगतो. आमचे व्याख्याते नवव्या अध्यायावर थांबतात. अर्धे पत्र वाचून दुसऱ्याची नोकरी घेणे सोपे असते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्सरसेन्स' या परिपत्रकात श्रमाला भांडवलापेक्षा अग्रक्रम दिला. ते पडद्यावर दाखवणारा वक्ता मला अजून भेटलेला नाही.

आता माझी कबुली. कमी करावयाच्या माणसांची ती यादी माझ्या टेबलावरून गेली होती. मी एक शब्दही बोललो नाही. रविवारी मात्र मिस्साला पहिल्या बाकावर बसलो.

आपल्या धर्मग्रामात लहानमोठ्या हुद्द्यांवर बसलेले पुष्कळ जण आहेत. त्यांच्याकडे माझे मागणे थोडे आहे. अशी यादी तुमच्यापुढे आली, तर सही करण्याआधी प्रत्येक नावासमोर त्याने कोणाकोणाची वाट मोकळी केली ते लिहा. स्वतःच्या पगारात काही कपात करून एखादे नाव वाचते का, ते वरिष्ठांना विचारा. आणि निरोप द्यावाच लागला, तर समोर बसून, त्याच्या डोळ्यांत पाहून द्या. एवढेही जमणार नसेल, तर संघ, कुटुंब आणि संत पौल ही नावे तरी कचेरीत घेऊ नका.