शोधण्याचीही मजुरी असते

आठ-दहा वर्षे वापरलेली, सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर पळालेली गाडी एक दिवस साठच्या वेगाला घुमल्यासारखा एकसुरी आवाज करू लागते. गाडी गॅरेजला जाते, गॅरेजवाला गल्लीत एक चक्कर मारून येतो आणि सांगतो, 'पुढचं बेअरिंग गेलंय.' बेअरिंग बदलले जाते, आवाज तसाच. मग दुसऱ्या बाजूचे बेअरिंग, मग अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग, मग चारही टायर. शेवटी केव्हातरी आवाज जातो, पण तो नेमका कशाने गेला हे कोणालाच ठाऊक नसते, आणि गॅरेजवाल्याने आपल्याला लुटले एवढे मात्र मालकाच्या मनात पक्के बसते. माझ्या मते यातल्या बऱ्याच वेळा लबाडी नसतेच. बिलावर पार्टची किंमत असते, तो बसवण्याची मजुरी असते; आवाज कुठून येतो हे शोधण्याच्या कामाला त्या बिलात ओळच नसते. ज्या कामाचा एक रुपया मिळणार नाही, त्यासाठी कोणी तासभर गाडीखाली झोपणार नाही. तेव्हा जुन्या गाडीच्या मालकांनी शोधण्याचे पैसे वेगळे द्यायला सुरुवात करावी आणि गॅरेजवाल्यांनी ते उघडपणे मागावेत, असे मला ठामपणे वाटते.

हे शोधणे किती अवघड असते, ते या घूं आवाजावरूनच कळेल. चाकाचे बेअरिंग खराब झाले तरी तो आवाज येतो आणि टायर वेडावाकडा झिजला तरी तोच येतो. दोन्ही आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतात, इंजिन किती फिरते आहे त्याच्याशी त्यांचा संबंध नसतो. त्यात भर म्हणजे गाडीचा पत्रा आवाज वाहून नेतो, त्यामुळे मागच्या चाकाची घरघर पुढच्या सीटखालून आल्यासारखी वाटू शकते. नुसत्या कानावर विसंबून केलेला अंदाज म्हणूनच वारंवार चुकतो. टायरची तपासणी हाताने करावी लागते. गाडी उभी करून टायरच्या नक्षीवरून तळवा आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने फिरवायचा. एका बाजूने गुळगुळीत आणि परत येताना रबराच्या ठोकळ्यांच्या कडा बोटांना टोचत असतील, तर तो टायर रस्त्यावर घुमणारच. शॉक ॲब्सॉर्बर थकलेले असले, अलाइनमेंट बिघडलेले असले किंवा टायर पुढचे मागे, मागचे पुढे करण्याची सवयच नसली की असे होते. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की अलाइनमेंट आज दुरुस्त केले तरी आधीच झिजलेल्या नक्षीचा आवाज लगेच जात नाही. लोक मात्र अलाइनमेंटचे पैसे फुकट गेले म्हणून मोकळे होतात.

टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो, बेअरिंगचा सहसा बदलत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर पकड राहावी म्हणून आडव्या बारीक रेघा ओढलेल्या असतात; तिथे चांगला टायरही गातो. तीच गाडी गुळगुळीत डांबरावर आली आणि आवाज एकदम बसला, तर बेअरिंगला हात लावायच्या आधी टायर बघायला हवेत. सारख्या मापाचे टायर असतील तर पुढची जोडी मागे टाकून बघणे ही सर्वात स्वस्त परीक्षा. आवाजाची जागा किंवा सूर बदलला, तर दोष टायरचा. बेअरिंगची परीक्षा वेगळी असते. मोकळ्या रस्त्यावर एका वेगाला गाडी अलगद डावीकडे घेतली की भार उजव्या चाकांवर जातो. त्या वेळी घरघर वाढली तर संशय उजव्या बाजूवर. पण हा संशयच, निकाल नव्हे. निकालासाठी गाडी रॅम्पवर किंवा जॅकवर घ्यावी लागते. एका हाताने चाक फिरवायचे आणि दुसरा हात त्या चाकाच्या कॉइल स्प्रिंगवर ठेवायचा. बेअरिंग चांगले असेल तर स्प्रिंग शांत राहते; आत गोळ्यांची वाट खरवडली गेली असेल तर हाताला बारीक खरखर लागते. चाक वर-खाली धरून हलवले आणि ते हलले नाही, म्हणून बेअरिंग चांगले असे मुळीच नाही. पुष्कळ बेअरिंगे ढिली होण्याच्या कितीतरी आधीपासून आवाज करत असतात.

बाकीचे आवाज त्या मानाने सरळ असतात. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे काढताना कटकट झाली तर बाहेरचा सीव्ही जॉइंट; बहुधा त्याचे रबरी बूट फाटून ग्रीस रिमच्या आतल्या बाजूला उडालेले दिसते. स्पीडब्रेकरवर हळू जाताना खडखड झाली तर लिंक रॉड किंवा बुश. बारीक किंचाळी येत असेल आणि ब्रेक दाबताच ती थांबत किंवा बदलत असेल, तर ब्रेक पॅड संपत आले. ॲक्सिलरेटर दाबला की एक सूर, सोडला की दुसरा, असे असेल तर चाके सोडून गिअरबॉक्सकडे बघावे. आणि पत्रा घासल्याचा कर्कश आवाज एवढ्याशा खड्यानेही येतो: डिस्क आणि तिच्या मागच्या पातळ पत्र्यात तो अडकलेला असतो. तो काढायला पाच मिनिटे पुरतात, पण काढण्याआधी तो दिसावा लागतो.

वर सांगितलेल्या परीक्षा नीट करायच्या तर पाऊण तास ते तासभर जातो, आणि रॅम्प तेवढा वेळ अडकून पडतो. गॅरेजवाल्याने याचे पैसे मागितले की आपण म्हणतो, 'नुसतं बघायचे कसले पैसे?' पण आपणच पार्टच्या छापील किमतीवर घासाघीस करत नाही, कारण ती छापलेली असते. घासाघीस होते ती मजुरीवर. मग गॅरेज चालवणाऱ्याने कमवायचे कुठे? पार्टवरच्या सुटीत. म्हणजे पार्ट जितके जास्त बदलतील तितका त्याचा धंदा चालेल, अशी व्यवस्था आपणच उभी केली आहे. फ्रिज किंवा वॉशिंग मशिन बघायला माणूस घरी आला तर दुरुस्ती होवो न होवो, भेटीचे पैसे आपण देतो. गाडीच्या बाबतीत ही रीत रुजलीच नाही. मोठ्या वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून तपासणीचे पैसे घेतात, हे खरे. पण बेअरिंगची घरघर किंवा टायरचे घुमणे ऐकणारा सेन्सर बहुतेक गाड्यांत नसतो. स्कॅनर 'सब ठीक' सांगतो आणि आवाज सुरूच राहतो. इथे हात, कान आणि अनुभवच लागतो, आणि नेमकी त्याचीच किंमत शून्य धरलेली आहे.

यावर पहिला आक्षेप असा की शोधत बसण्यापेक्षा संशयित वस्तू सगळ्याच बदलून टाकाव्यात, गाडी जुनी आहे, नवे पार्ट कधीतरी लागणारच. पैसा असलेल्या माणसाला हे पटते. परंतु विनाकारण केलेली बदली निरुपद्रवी नसते. बऱ्याच गाड्यांत बेअरिंग प्रेसवर दाबून बसवावे लागते. ते बाहेरच्या कड्यावर दाब देऊन आत ढकलायच्या ऐवजी आतल्या कड्यावर दाब दिला, तर सगळा जोर गोळ्यांवर येतो आणि कड्यांवर सूक्ष्म खड्डे पडतात. नवे बेअरिंग मग थोड्याच दिवसांत जुन्यासारखे वाजू लागते. म्हणजे चांगले बेअरिंग काढून आपण नवा दोष विकत घेतलेला असतो, आणि मूळचा दोष होता तिथेच असतो.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: तपासणीचे पैसे घेऊनही निदान चुकले तर? चुकू शकते. म्हणून पैसे कशाचे, हे आधी ठरवले पाहिजे. कोणते चाक, कोणती परीक्षा केली, त्यात काय आढळले, हे दोन ओळींत लिहून मिळावे आणि शक्य असेल तर मालकाला दाखवावे. स्प्रिंगवर हात ठेवून ती खरखर कोणालाही जाणवते, त्यासाठी मेकॅनिक असावे लागत नाही. लेखी निदान हाती असले की मालक ते दुसऱ्या गॅरेजला नेऊ शकतो, आणि चुकले तर जाब विचारू शकतो. काही जण सुचवतील की दुरुस्ती तिथेच केली तर तपासणीचे पैसे बिलातून वजा करावेत. मला हे मान्य नाही. तसे केले की तपासणी पुन्हा पार्टच्या विक्रीला बांधली जाते, आणि 'काही बदलायची गरज नाही, टायर फिरवून घ्या' असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्याचेच नुकसान होते.

हा जादा खर्च सामान्य माणसाला का, असेही विचारले जाईल. लहान गाडीचेही चार नवे टायर घ्यायचे तर पंधरा-वीस हजारांच्या आसपास जातात. त्याआधी चार-पाचशे रुपये देऊन खात्री करून घेणे हा जादा खर्च कसा? ज्याला काटकसरीने गाडी चालवायची आहे, ज्याने सेकंडहँड गाडी कर्ज काढून घेतली आहे, त्यालाच अंदाजाने केलेली दुरुस्ती सर्वात महाग पडते.

आणि आवाजाकडे दुर्लक्ष करून रेडिओ मोठा करणे हा तर उपायच नव्हे. आपल्याकडे खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस तपासून ती 5 वर्षांसाठी वाढवतात. पहिल्या 15 वर्षांत पीयूसी होते, पण ते फक्त धूर मोजते. टायरच्या नक्षीची खोली किमान 1.6 मिलिमीटर असावी असा नियम आहे, तरी ती मोजायला कोणी येत नाही. चाक, ब्रेक, बेअरिंग यांची राखण मालक आणि त्याचा मेकॅनिक या दोघांवरच सोडलेली आहे. वाजणारे बेअरिंग तसेच पळवले तर ते तापते, ढिले पडते आणि शेवटी चाकच डगमगू लागते. महामार्गावर हे घडले तर किंमत फक्त त्या गाडीतले लोक मोजत नाहीत.

मालकानेही आपला वाटा उचलला पाहिजे. 'गाडी आवाज करते' एवढे सांगून किल्ली टाकून जाणे पुरेसे नाही. कोणत्या वेगाला, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या वळणावर, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, मोठ्या खड्ड्यानंतर की तुंबलेल्या पाण्यातून गाडी काढल्यानंतर, हे सांगता आले तर अर्धे काम तिथेच होते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे; 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. रबर वयाने कडक होते आणि कडक रबर जास्त वाजते, म्हणून हे आकडेही वाचून ठेवावेत. आवाज ऐंशीला येत असेल तर गल्लीतल्या वीसच्या वेगाने काय ऐकू येणार? मेकॅनिकला शेजारी बसवून ज्या रस्त्यावर आवाज येतो तिथेच न्यावे, आणि त्याच्या त्या वेळेचेही पैसे द्यावेत.

गॅरेजमालकांच्या संघटनांना माझी विनंती आहे की दरपत्रकावर ऑइल बदलणे, ब्रेक सफाई यांच्या वर 'आवाजाची तपासणी, लेखी निदानासह' अशी एक ओळ रकमेसह लिहावी. आणि वाचकांनी पुढच्या वेळी गाडी सोडताना एवढेच म्हणावे, 'आधी शोधा, मला दाखवा, त्याचे पैसे घ्या. पार्टचं नंतर बोलू.'