धरून चाललेले

स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी आम्ही काही जण संध्याकाळी ग्रंथालयात बसतो. ‘विधान आणि गृहीतके’ हे प्रकरण आले की हटकून वाद होतो. परवा आमच्यातल्याच एकाने प्रश्न रचला: ‘गावातून तालुक्याला रोज चार एस.टी. गाड्या जातात, म्हणून गावच्या मुलांना तिथल्या कॉलेजात जाण्याची अडचण नाही.’ यात काय गृहीत धरले आहे? एक, चारही गाड्या वेळेवर सुटतात. दोन, निदान एक गाडी कॉलेजच्या वेळेला सोयीची आहे. तीन, खेड्यातल्या मुलांनी शिकले पाहिजे.

बहुतेकांनी तिसऱ्यावर खूण केली. मीही! वाक्य पटले की आपण मोकळे होतो. पण शोधायचे असते ते ज्याच्यावाचून निष्कर्ष उभाच राहत नाही असे वाक्य. कसोटी सोपी आहे, नकार देऊन पाहावे. ‘एकही गाडी कॉलेजच्या वेळेला सोयीची नाही’ म्हटले की निष्कर्ष कोसळतो. म्हणून दुसरे आवश्यक. पहिल्याला नकार देताना मात्र पुष्कळ जण फसतात. ‘चारही वेळेवर सुटतात’ याचा नकार ‘एकही सुटत नाही’ असा नव्हे; ‘निदान एक उशिरा सुटते’ एवढाच. ती दुपारची असली तर कोणाचे काय अडले?

मार्गदर्शक पुस्तकांत हे ‘युक्ती’ म्हणून येते. वास्तविक ही जुनी विद्या आहे. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, तेव्हा तो रात्री जेवत असलाच पाहिजे, हे मीमांसकांचे अर्थापत्तीचे उदाहरण आम्ही वर्गात ऐकले होते. रात्रीचे जेवण नाकारले तर लठ्ठपणाचा मेळ लागत नाही. दोन्हींचे नाते आम्हांला कोणी दाखवले नाही. तर्कशास्त्राच्या तासाला असे प्रश्न सोडवून घ्यावेत, अशी प्राध्यापकांना माझी विनंती आहे.

दिवाळीच्या सुटीत आबा म्हणाले, “बी.ए. करून नोकरी लागत नाही. मग एवढी वर्षं घालवायची कशाला?”

मी म्हणालो, “आबा, नोकरी सोडली तर बी.ए.त घेण्यासारखं काहीच नाही, हे तुम्ही धरून चाललाय. ते काढलं तर तुमचं म्हणणं टिकत नाही.”

आबांनी थोडा विचार केला. “बरं, धरलं मी. पण म्हणून ते खोटं ठरलं का? काय घेण्यासारखं हाय, ते तू सांग.”

हा प्रश्न त्या परीक्षेत येत नाही. मी तीन-चार उत्तरे मनात जुळवली, सगळी वक्तृत्वस्पर्धेतली वाटली. उन्हाळ्याच्या सुटीत पुन्हा घरी जायचे आहे.